अभिप्रायाचा रकाना

मी एक जुनी अभिप्रायवही आहे. हे ऐकूनच तुमच्यापैकी बरेच जण पान उलटतील, मित्रांनो, आणि त्याचं मला नवल वाटणार नाही. जुन्या छत्रीला, घड्याळाला, वडाच्या झाडाला सांगण्यासारखं काही असतं. वहीला जे सांगायचं ते तिच्यात आधीच लिहिलेलं असतं, आणि माझ्यात जे लिहिलं गेलं ते वाचायच्या लायकीचं नव्हतं. तरी सांगते. नीट सांगता येईल की नाही याची मला खात्री नाही. आयुष्यभर लोकांनी माझ्यात लिहिलं, मी स्वतः कधी एक ओळ लिहिलेली नाही.

माझा जन्म कंपालातल्या एका छापखान्यात झाला. जाड काळा पुठ्ठा, पाठीला लाल कापड, आत एकशे ब्याण्णव पानं. माझ्याबरोबर शिवलेल्या बहिणी दुकानांत गेल्या. त्यांच्यात साखर, साबण, रॉकेल अशी खऱ्या वस्तूंची नावं लिहिली गेली. मला मात्र मसाकाच्या बाजारातून कासिर्ये मास्तरांनी उचललं आणि वर्तमानपत्रात गुंडाळून सरोवराकाठच्या कागोंगो बंदरावर आणलं.

कासिर्ये मास्तर शाळेतून निवृत्त झालेले. बंदरावर सगळ्यांत चांगलं अक्षर त्यांचं, म्हणून बायकांच्या मासळी-मंडळाचे चिटणीस तेच. त्यांनी पट्टी ठेवून लाल शाईने माझ्यावर पाच रकाने आखले. तारीख, नाव, कुठून आलात, अभिप्राय आणि सही. आमच्या देशात शाळा असो, दवाखाना असो की कोंबड्यांचं खुराडं, पाहुणा आला की त्याच्यापुढे वही ठेवायची ही रीतच आहे. त्यामुळे मास्तरांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. फक्त अभिप्रायाचा रकाना त्यांनी सगळ्यांत रुंद ठेवला. तिथेच घोड्याने पेंड खाल्ली.

मंडळ होतं बावीस बायकांचं. मुकेने नावाची करंगळीएवढी चंदेरी मासळी सरोवरात सापडते. होडीवाल्यांकडून ती घ्यायची, वाळवायची आणि विकायची, एवढाच उद्योग. बाकीच्या बंदरांवर मुकेने वाळूवरच पसरतात, आणि खाणाऱ्याच्या दाताखाली सरोवराचा काठ येतो. मंडळाची प्रमुख नलवोगा हिने पहिल्यांदा लाकडी घोडे उभे करून त्यांवर जुनी जाळी ताणली आणि मासळी जमिनीपासून कमरेइतकी उचलली. वाळू गेली. कंपालातली दुकानं कागोंगोची मासळी नाव घेऊन मागू लागली. नलवोगा मास्तरांच्या धाकट्या भावाची विधवा. ती फार बोलत नसे. पण तिने एकदा जाळीवर हात फिरवला की खालची मासळी किती वाळली हे तिला कळे.

एकच गोष्ट तिच्या हातात नव्हती. वर्षातून दोनदा आमच्याकडे पावसाचे महिने येतात. तेव्हा मासळी जाळीवर पिवळी पडते, मऊ होते, वास मारते. मग कोंबड्यांच्या खाद्याचा व्यापारी वालुसिंबी आपला ट्रक घेऊन येई आणि सगळा माल मातीमोलाने उचलून नेई.

"तोंड पाडू नका, न्याबो," तो बायकांना म्हणे; न्याबो म्हणजे बाईसाहेब. "कोंबडीला चव नसते. तिला काहीही चालतं. माझंही तसंच आहे."

नलवोगाला हवं होतं एक वाळवणघर. निलगिरीच्या वाशांचा बारा खणांचा सांगाडा, वरून जाड पारदर्शक प्लास्टिक आणि टोकाला वाऱ्यावर फिरणारे दोन पंखे. बाहेर पाऊस कोसळला तरी आत मासळी वाळेल. तेवढं झालं तर बावीस घरांना वर्षभर चांगला भाव. नाही झालं तर वर्षातले चार महिने वालुसिंबी. मागणं एवढंच होतं, आणि त्याला लागणारा पैसा एका बऱ्या जुन्या मोटारीएवढा होता. बँकेने जमिनीचा कागद मागितला. जमीन नवऱ्याच्या कुळाची, कागद कुठून आणणार?

मग कंपालाहून आरिनाइत्वे नावाचा एक तरुण साहेब आला. त्याचे बूट टोकदार होते आणि वाळूत रुतत होते. त्याने जे सांगितलं ते मला समजलं तसं सांगते, चुकत असेन तर सोडून द्या. परदेशी सरकारांनी त्याच्या कचेरीत थोडा पैसा ठेवला होता. तो वाटायचा नव्हता. पारधी जसा पाळीव तितर पिंजऱ्यात ठेवतो आणि त्याच्या आवाजाने रानातले तितर बोलावतो, तसा तो पैसा दाखवून खासगी धनवंतांचा पैसा आमच्यासारख्या उद्योगांकडे बोलवायचा होता. आपला एक, तर त्यांचे चार, असा त्यांचा आडाखा होता. मी पुढे तीन वर्षं हा खेळ जवळून पाहिला. तितर पांढऱ्या गाडीतून यायचा, उकडलेल्या कच्च्या केळ्यांचं मातोके आणि शेंगदाण्याचं कालवण खायचा, माझ्यात लिहायचा आणि परत पिंजऱ्यात जायचा. रानातून काही उडून आलेलं मी पाहिलं नाही.

माझ्या पहिल्या पानावर सात अभिप्राय होते. त्यांतल्या पाचांत 'प्रेरणादायी' हा शब्द होता. एकाने 'अतिशय प्रेरणादायी' लिहिलं, म्हणून त्याच्या खालच्याला 'अत्यंत प्रेरणादायी' लिहावं लागलं. तिसऱ्याला विशेषण उरलं नाही, तेव्हा त्याने शब्दाखाली दोन रेघा ओढल्या. एका बाईंनी लिहिलं की या महिलांच्या डोळ्यांत त्यांना आफ्रिकेचं भविष्य दिसलं. त्या दिवशी चुलीच्या धुरामुळे सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी होतं. एका गृहस्थाने मासा काढला. तो मासा हसत होता. मुकेने हसत नाही.

आणि मला सांगायला लाज वाटते, मित्रांनो, पण मी फुगले. इतके मोठे लोक, इतक्या दूरच्या गावांचे, माझ्यावर वाकून लिहितात, म्हणजे मी कुणीतरी आहे असं मला वाटू लागलं. मास्तर मला कपाटात एकटीला ठेवत. इतर वह्या खालच्या फळीवर. मी त्यांच्याशी बोलणं सोडलं होतं.

मला ओळखून होती ती फक्त जाज्जा नाक्कू. जाज्जा म्हणजे आजी. मंडळातली सगळ्यांत म्हातारी बाई, वाचता न येणारी. पाहुण्यांची गाडी वळणाआड गेली की ती हात पुसत मास्तरांकडे येई.

"काय लिहून गेला?"

"प्रेरणादायी."

"ते कशाबरोबर खातात?"

"जाज्जा, ते कौतुक आहे."

"कालच्यानेपण तेच लिहिलं होतं. एकमेकांचं बघून लिहितात का रे मास्तर? तुझ्या शाळेत असं केलं तर तू छडी मारायचास."

आता आमच्या बंदराची एक पद्धत सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. लग्न असो, मयत असो की देवळाचं छप्पर, माणसं जमतात. एकेक जण उठतो आणि आपण काय देणार ते चारचौघांत बोलतो. चिटणीस ते वहीत लिहितो. लिहिलं की बायका जिभेने उलूऽलू करतात. देणगी मोठी असेल तर देणाऱ्याच्या हातात जिवंत कोंबडी ठेवतात. त्याने कोंबडी घेतली की बोलणं संपलं. मग घर विका, पण दिलं पाहिजे. जाज्जा नाक्कूने एकदा देवळासाठी बकरी लिहिली होती. चार दिवसांनी ती बकरी मेली. जाज्जाने शेजारणीकडे तीन महिने खुरपणी करून दुसरी बकरी मिळवली आणि देवळात नेऊन बांधली. तिला कुणी मागितली नव्हती. वहीत होती, एवढंच.

तिसऱ्या वर्षी, मोठ्या पावसाला चार महिने असताना, हेन्रिकसाहेब आले. थंड मुलखातले, धनवंतांचा पैसा कुठे लावायचा हे ठरवणाऱ्या एका पेढीचे प्रमुख. ते वाईट नव्हते. वाईट असते तर मला सोपं गेलं असतं. उपड्या घमेल्यावर बसले, मासळी हाताने खाल्ली, बावीस बायकांना बावीस नावं विचारली आणि त्यांतली सहा लक्षात ठेवली. वाशांचं माप स्वतः पावलांनी मोजलं. मग मला मांडीवर घेतलं आणि थोडा वेळ सरोवराकडे बघून त्यांनी लिहिलं, 'पुढच्या पावसाआधी इथे वाळवणघर उभं राहील. आम्ही तुमच्याबरोबर आहोत.' खाली लफ्फेदार सही केली.

मास्तरांनी ते मोठ्याने वाचलं. पहिल्यांदाच अभिप्रायात एका वस्तूचं नाव आलं होतं. मग जाज्जा नाक्कूनेच पहिली उलूऽलू केली आणि सगळं बंदर दणाणलं. तिने आपली लाल कोंबडी, अंड्यावरची, पायाला धरून आणली आणि साहेबांच्या हातात दिली. साहेब खळखळून हसले. कोंबडीसकट त्यांचे फोटो निघाले. मग त्यांच्या ड्रायव्हरने तिचे पाय बांधून तिला गाडीत मागे ठेवलं, आणि नलवोगा रीतीप्रमाणे गाडीबरोबर आंब्याच्या झाडापर्यंत चालत गेली.

साहेबांना वाटलं, किती छान निरोप दिला. बायकांना वाटलं, बोलणं संपलं.

माझं काय म्हणाल, तर मला कळायला हवं होतं. मी पुस्तकी जात. त्या रकान्यात तोवर काय काय पडलं होतं ते माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण मलाही ती ओळ खरी वाटली. अक्षर सुंदर होतं.

दोन आठवड्यांनी वालुसिंबी आला. या खेपेस ट्रक रिकामा नव्हता. त्यात ताडपत्र्यांची चळत होती.

"सौदा करू, न्याबो," तो नलवोगाला म्हणाला. "या ताडपत्र्या तुमच्या. पावसात मासळी झाकता येईल. बदल्यात वर्षभराचा सगळा माल मला, एकाच भावाने. वाळलेलाही."

"आम्हाला गरज नाही. आमचं वाळवणघर होतंय."

"कोण बांधतंय?"

"वहीत आहे."

त्याने मला मागून घेतलं, बोट ठेवून ती ओळ वाचली. मला वाटलं आता हसेल. तो हसला नाही.

"याचं कूळ कुठलं?" आमच्याकडे कुळांना प्राण्यांची नावं असतात.

"कूळ?"

"माशाच्या कुळाचा, माकडाच्या कुळाचा, कुठला तरी असेल ना. उद्या शब्द फिरवला तर तुम्ही कुणाच्या दारात जाऊन बसणार? माझं दार तुम्हाला माहितीय. शिव्या द्यायला तरी येता."

नलवोगाने मला त्याच्या हातून काढून घेतलं. वालुसिंबी ताडपत्र्या घेऊन परत गेला. बावीस घरांचा पावसाळा त्या दिवशी माझ्या एका ओळीवर टांगला गेला.

बायकांनी हात आखडला नाही. पाहुणा छप्पर देतोय, तर सांगाडा आपण उभा करायचा, ही इथली लाज. प्रत्येकीने वासे आणले. खड्डे खणले, खांब पुरले, बारा खण उभे राहिले. दुरून तो सांगाडा खाऊन टाकलेल्या माशासारखा दिसे. नलवोगा रोज सकाळी त्यातून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून येई.

मग फेब्रुवारीत हेन्रिकसाहेबांच्या पेढीचं पत्र आलं. आरिनाइत्वेने ते मास्तरांच्या फोनवर पाठवलं होतं. मास्तरांनी आधी मनात वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"मोठ्याने, भाऊजी," नलवोगा म्हणाली.

"ते म्हणतात, उद्योग चांगला आहे. माणसं चांगली आहेत. पण आपण फार लहान आहोत. एवढी थोडी रक्कम देणं त्यांना परवडत नाही. आपली गरज निदान चाळीसपट झाली, तर जरूर कळवावं."

जाज्जा नाक्कू पुढे सरकली. "म्हणजे आपण कमी मागितलं म्हणून नाही म्हणाला?"

"तसंच दिसतं."

"मग चाळीस घरं मागायची होती."

"चाळीस घरांत घालायला मासळी कुठाय, जाज्जा?"

"त्याला कुठे माहीत होतं? त्याने सरोवर मोजलं नव्हतं."

मित्रांनो, माझं वाचन बेताचं आहे, पण उपाशी माणसाला तू पुरेसा उपाशी नाहीस असं सांगून वाढणारा परत गेल्याचं मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही. तेही इतक्या नम्र भाषेत. पत्राच्या शेवटी पुन्हा तो शब्द होताच. प्रेरणादायी.

दुसऱ्या दिवशी नलवोगाने मला धुतलेल्या कापडात गुंडाळलं, मांडीवर घेतलं आणि गाडीत बसून ती कंपालाला निघाली. तिला कळलं होतं की सरोवराकाठच्या एका मोठ्या हॉटेलात परिषद आहे. विषय हाच, आमच्यासारख्यांच्या उद्योगांत खासगी पैसा कसा आणावा. हेन्रिकसाहेब तिथे बोलणार होते.

हॉटेलच्या दारावरच्या रखवालदाराने तिला अडवलं. मग त्याचं लक्ष आतल्या भिंतीकडे गेलं. तिथे पुरुषभर उंचीचा फोटो लावला होता. घमेलंभर मासळी घेऊन हसणारी नलवोगा. त्याने भिंतीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि काही न बोलता दार उघडलं.

आत लोक जेवणाच्या बश्या घेऊन उभे होते. हेन्रिकसाहेबांनी तिला ओळखलं, नावासकट. त्यांना खरोखर आनंद झाला होता. नलवोगाने रीतीप्रमाणे गुडघे टेकून नमस्कार केला, मग ती उठली, जवळच्या टेबलावर मला उघडून ठेवलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. आरिनाइत्वे मध्ये उभा राहून दोघांचं एकमेकांना सांगू लागला.

"पाऊस पाच आठवड्यांवर आलाय," ती म्हणाली. "सांगाडा तयार आहे. छप्पर कधी येणार?"

साहेबांनी ओळ वाचली. आपलं अक्षर पाहून माणूस जसा गोंधळतो तसे ते गोंधळले. "मी आशा व्यक्त केली होती. आणि हा तर अभिप्रायाचा रकाना आहे."

"तुम्ही कोंबडी घेतलीत."

"कोंबडी?"

"लाल. अंड्यावरची."

"ती? ती मी ड्रायव्हरला देऊन टाकली."

"तुमची होती म्हणूनच दिलीत ना?"

आरिनाइत्वेने हे वाक्य सांगायला थोडा वेळ लावला. साहेबांचे कान लाल झाले. "हे माझ्या एकट्याच्या हातात नसतं. पेढीचं मंडळ ठरवतं."

"तुमचं मंडळ आमच्याकडे जेवलं नव्हतं. तुम्ही जेवलात."

आणि आता मी तुम्हाला जे सांगते ते ऐकून तुम्ही म्हणाल, वही म्हातारी झाली, काहीही बरळते. पण मी तिथे होते. हे बोलणं चाललं असताना टेबलाजवळून एक गृहस्थ जात होते. त्यांनी पाहिलं, टेबलावर अभिप्रायवही उघडी आहे. त्यांनी बशी बाजूला ठेवली, खिशातून पेन काढलं आणि लिहिलं, 'उत्तम आयोजन.' त्यांच्यामागे एक बाई येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे आणखी दोघं. बघता बघता रांग लागली. कुणी विचारलं नाही की वही कुणाची. एकाने भिंतीवरच्या फोटोकडे बघून लिहिलं की अशा महिलांपर्यंत पोचणं ही काळाची गरज आहे. ती महिला त्याच्या कोपरापासून हातभर अंतरावर उभी होती. त्याचा धक्का लागला तेव्हा तो तिला 'माफ करा' म्हणाला आणि सही पूर्ण केली.

माझी चार पानं भरली. शेवटी हेन्रिकसाहेबांनाही काय करावं सुचेना. हात रिकामे राहिले की माणूस जे हाताला लागेल ते करतो. त्यांनी पेन घेतलं आणि रांगेतल्या शेवटच्या माणसाखाली लिहिलं, 'पुन्हा भेटून आनंद झाला. नलवोगा यांची चिकाटी प्रेरणादायी आहे.'

नलवोगाने शाई वाळेपर्यंत वाट पाहिली. मग मला मिटलं. आरिनाइत्वे तिला दारापर्यंत सोडायला आला.

"मला माफ करा, न्याबो."

"तू कुठला रे?"

"अंकोलेचा."

"तुमच्याकडे असं लिहितात?"

तो आपल्या बुटांकडे बघत राहिला. "नाही."

"मग तुझ्या आईला सांगू नकोस काय काम करतोस ते," ती म्हणाली. रागावून नाही. लहान मुलाला सांगतात तसं.

ती परतली तेव्हा सरोवरावर पहिले ढग जमले होते. बायका सांगाड्याखाली बसल्या होत्या. नलवोगाने काय झालं ते चार वाक्यांत सांगितलं. मास्तर मान खाली घालून उठले. "वाचून मी दाखवलं. माझ्या आवाजात ऐकलंत म्हणून तुम्हाला खरं वाटलं. चूक माझी आहे. ही वही मी जाळून टाकतो."

मला वाटलं, बरोबर आहे. माझी त्याच लायकीची जात.

"कागद जाळू नये, पाऊस येतोय," जाज्जा नाक्कू म्हणाली. "उलटी कर ती."

"म्हणजे?"

"पालथी घाल आणि मागून उघड. मागे काही लिहिलंय का कुणी?"

"नाही. पन्नास-साठ पानं कोरी आहेत."

"मग तिथे माझं नाव घाल. मरणासाठी झाडसालीची दोन कापडं जपून ठेवलीत मी. ती विकते. जेवढं प्लास्टिक येईल तेवढं."

"जाज्जा, तुम्हाला पुरायचं कशात मग?"

"मी यंदा मरत नाहीये. लिही."

मास्तर पट्टी शोधू लागले. ती म्हणाली, "रेघा नकोत. नाव आणि वस्तू. बास."

त्यांनी लिहिलं. दुसरीने डुकराचं पिल्लू लिहिलं. एका होडीवाल्याने दोन खेपांची मासळी लिहिली. नलवोगाने नवऱ्याची सायकल लिहिली, तेव्हा मास्तरांचा हात क्षणभर थांबला, कारण ती सायकल त्यांच्या भावाची होती. मग त्यांनी तीही लिहिली आणि तिच्याखाली आपलं एका महिन्याचं निवृत्तिवेतन. त्या दिवशी उलूऽलू कुणी केली नाही. कोंबड्या कुणाकडे फारशा उरल्या नव्हत्या. ज्याने जे आणून दिलं त्याच्या नावावर मास्तर आडवी रेघ मारत गेले. आठ दिवसांत त्या पानावर एकही नाव रेघेवाचून राहिलं नाही.

सगळं मिळून चार खणांचं प्लास्टिक आलं. बाराचं नाही. मी खोटं सांगणार नाही, मला खोटं लिहिलेलं फार दिवस अंगावर वागवावं लागलं आहे. पाऊस एका दुपारी आला. चार खणांतली मासळी चंदेरी राहिली. उरलेल्या आठ खणांवर पाणी पडलं आणि तिथला माल वालुसिंबी घेऊन गेला. त्याने चार खणांत डोकावून पाहिलं, एक मासा दाताखाली धरला आणि म्हणाला, "ही मला देणार नाही तुम्ही."

"नाही," नलवोगा म्हणाली.

"मीही दिली नसती."

ती चार खणांची मासळी मसाकाच्या बसथांब्यावर पुड्या बांधून विकायचं ठरलं. पुड्यांना कागद हवा होता. जाज्जा नाक्कूने मला घेतलं आणि पुढचं पहिलं पान धरलं.

"अहो, तो मंडळाचा दस्तऐवज आहे," मास्तर कळवळून म्हणाले.

"चांगला जाड कागद आहे. आता पहिल्यांदाच काहीतरी धरून ठेवील."

पान फाडताना दुखलं का, असं विचाराल तर दुखलं नाही. हसणारा मासा गेला, आफ्रिकेचं भविष्य गेलं. हेन्रिकसाहेबांचं पान नलवोगाने स्वतः काढलं. मला वाटलं जपून ठेवील, निदान रागाने चोळामोळा करील. तिने त्याची नीट पुडी वळली, शिगोशीग मासळी भरली आणि बाकीच्या पुड्यांबरोबर टोपलीत ठेवली. ती कुणी घेतली ते मला माहीत नाही. खाणाऱ्याच्या दाताखाली वाळू आली नसेल, एवढं सांगू शकते.

आता मी निम्मीशिम्मी उरले आहे. पाठीचं लाल कापड सुटलं आहे, अंगाला मासळीचा वास येतो. कपाटात नाही, खालच्या फळीवर असते. तिथल्या वह्या माझ्याशी बोलतात. दोन पाऊस गेले. मागच्या पानांवर सातव्या खणापर्यंतची नावं आहेत, सगळी रेघ मारलेली. पाच खण अजून उघडे आहेत.

गेल्या महिन्यात पुन्हा एक पांढरी गाडी आली. नवे साहेब, नवे बूट. त्यांनी सातही खण पाहिले, मातोके खाल्लं, मान हलवली आणि हात पुढे करून म्हणाले, "तुमची अभिप्रायवही?" मास्तरांनी मला पालथी घालून त्यांच्यापुढे ठेवली.

"यात अभिप्रायाचा रकाना नाही," साहेब म्हणाले.

"नाही," नलवोगा म्हणाली. "पाच खण राहिलेत. तुम्ही किती देणार तेवढंच लिहा."

जाज्जा नाक्कू शेजारी कोंबडी घेऊन बसली होती. या खेपेस पांढरी. साहेबांनी पेन उघडलं. वरची नावं वाचली. डुकराचं पिल्लू, सायकल, साडेतीन हात जाळी. पेनाचं टोक माझ्या कागदापासून गव्हाभर अंतरावर आलं आणि तिथेच राहिलं. बराच वेळ राहिलं. मग त्यांनी घड्याळ पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

जाज्जाने कोंबडी खाली सोडून दिली. ती वाळवणघराच्या सावलीत जाऊन माती उकरू लागली.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी सांगतात की आम्हाला जपा. मी ते सांगणार नाही. मी फार जपली गेले, कपाटात, आणि त्या दिवसांत माझा कुणाला काडीचा उपयोग झाला नाही. कुणाच्या घरी जेवलात आणि त्यांनी माझ्यासारखी वही पुढे केली, तर एवढंच करा. तुम्ही आणलेली वस्तू लिहा. काही आणलं नसेल तर 'जेवण चांगलं होतं' असं लिहा आणि सही करा. तेही खरं असेल तरच.